पाटीआई अजून बसली आहे

२९ सप्टेंबर, सोमवार

फौजेत अठ्ठावीस वर्षं रोज नोंद ठेवली. निवृत्त झाल्यावर सवय सुटली. आज परत धरली, कारण उद्याचा दिवस महत्त्वाचा आहे. उद्या पाटीआईच्या पूजेला यजमान म्हणून मी, सुभेदार जोतीराम, बसणार आहे. या मानासाठी अकरा वर्षं पाळी धरून थांबलो. मधल्या काळात जयराज दोनदा बसला. तो माजी सरपंच आहे, त्यामुळे त्याची पाळी लवकर फिरते.

पुढेमागे ही वही कुणी वाचली तर त्याला कळावं म्हणून थोडं समजावून लिहितो. आमची वाडी कवठे महांकाळपासून अकरा किलोमीटर आत. वाडीत सरस्वतीचं देऊळ आहे, पण आत मूर्ती नाही. पाटीएवढी एक काळी शिळा आहे आणि तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती कोरली आहे, दसऱ्याला मुलं पाटीवर काढतात तशी. तिला आम्ही पाटीआई म्हणतो. नवरात्रात पूजेच्या दिवशी गाव आपली अक्षरं तिच्यापुढे आणून ठेवतं. वह्या, पुस्तकं, पंचायतीचं दफ्तर, शिक्के, जे असेल ते. यजमान ते सगळं लाल कापडात बांधतो आणि गाठ मारतो. मग पाटीआई बसली असं म्हणायचं. ती बसली की गावात कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही. दसऱ्याला यजमान गाठ सोडतो आणि अक्षरं मोकळी होतात. ज्याने गाठ मारली त्यानेच ती सोडायची. दुसऱ्याचा हात लागला तर गावाचं अक्षर जातं, असं जुनी माणसं सांगतात.

दोन दिवसांचा नेम आहे. त्यात अवघड काही नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

पूजा झाली. गाठ मारली. अपमानही झाला. क्रमाने लिहितो.

सकाळी सुनेकडे तिची फाईल मागितली. सून म्हणजे संयोगिता. ऋषिराज, माझा मुलगा, फौजेत आहे, सध्या आसामकडे. लग्नाला दोन वर्षं झाली. ही तलाठ्याच्या परीक्षेला बसणार आहे, दोन नोव्हेंबरला, कुपवाडच्या केंद्रावर. माझी काही हरकत नाही. हरकत असती तर मी स्पष्ट सांगितली असती. उलट मीच म्हटलं, तुझ्या नोट्स, आधार कार्ड, हॉल तिकीट, सगळं एका फाईलमध्ये घालून दे, आईपुढे ठेवतो, आशीर्वाद मिळेल. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आत गेली आणि निळी फाईल आणून दिली. वर नाडी बांधलेली. एवढ्या पटकन दिली याचं बरं वाटलं. फाईल हाताला फार हलकी लागली. आजकालच्या परीक्षा सोप्या असणार.

देवळात अख्खं गाव होतं. शाळेच्या प्रांजल मॅडमनी सगळ्या वर्गांची पुस्तकं आणली. शेजारच्या बनुबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी रेशनकार्ड ठेवलं. सिद्धू गुरवाने स्वतःचा चष्मा ठेवला, कारण काडीवर बारीक नंबर छापलेला आहे. भक्ती म्हणावी तर ही. मी तंबूच्या दोरीला मारतात ती गाठ मारली. वाऱ्यावादळात सुटत नाही.

मग आरती. आरतीनंतर मानाचा नारळ गुरवाने यजमानाच्या हातात द्यायचा असतो. सिद्धूने तो जयराजच्या हातात दिला. जयराज माझ्या शेजारी उभा होता, अंगाने माझ्यासारखाच आहे, फेटाही तसाच. सिद्धूला चष्म्याशिवाय दिसत नाही हे मान्य. पण जयराजला तर दिसत होतं. त्याने नारळ घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीत टाकला. चुकून आला असं एका शब्दाने म्हणाला नाही.

पाटीआई बसलेली असताना मी लिहितो आहे याची मला जाणीव आहे. ही वही गाठोड्यात ठेवायची राहिली. पण ही नोंद आहे. नोंद म्हणजे लेखन नव्हे, ड्यूटी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाठ सोडली नाही.

सगळं गाव आपट्याची पानं घेऊन उभं होतं. मी म्हणालो, माझा नारळ आधी माझ्या हातात येऊ दे. सिद्धू म्हणाला, दुसरा फोडतो. मी म्हणालो, दुसरा नाही, तोच. जयराज म्हणाला, त्याच्या वड्या झाल्या. मी पायात चप्पल घातली आणि घरी आलो.

मागून कुणी हाक मारली नाही. उद्या येतील.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आले. एकावन्न नारळ देऊ म्हणाले. नको म्हणालो. माणसाचा मान डझनावर मोजत नाहीत.

संयोगिताने सगळ्यांना चहा केला. फाईलबद्दल अवाक्षर काढलं नाही. परीक्षेला महिना आहे, तिला घाई दिसत नाही. चहापत्तीच्या पुड्यावर तिने कागद चिकटवला होता, अक्षर दिसू नये म्हणून.

५ ऑक्टोबर, रविवार

जयराजच्या बायकोने स्टीलच्या डब्यात उरलेल्या दोन वड्या पाठवल्या. तोच नारळ आहे, म्हणाली, जेवढा राहिला तेवढा. हा प्रस्ताव विचार करण्यासारखा होता. पण विचार करता करता मी एक वडी खाल्ली. आता अर्धाच पुरावा उरला आहे. चव चांगली होती, हा मुद्दा वेगळा.

८ ऑक्टोबर, बुधवार

गाव नेम कडक पाळतं आहे, याचा यजमान म्हणून अभिमान वाटतो. देवी एकाच्या आकड्यांची असल्यामुळे आकडेही अक्षरांत धरतात. शाळेच्या घड्याळावर पोतं टाकलं आहे. घराघरातली कॅलेंडरं भिंतीकडे तोंड करून आहेत. एसटीच्या पाटीवर वेशीपाशी चादर टाकतात आणि गावाबाहेर गेल्यावर काढून घेतात. कंडक्टर आधी चिडला, आता स्वतःच हात वर करून चादर मागतो. मोटारसायकलींच्या नंबरांवर चिखल फासला आहे. त्यामुळे तालुक्याच्या चौकात तिघांना पोलिसाने अडवलं. आमची पाटीआई बसली हाय, असं तिघांनी सांगितलं. पोलीस आमच्याच भागातला निघाला, त्याने पावती लिहून दिली पण वाचायला लावली नाही.

द्राक्षाची छाटणी सुरू आहे. औषधाच्या बाटल्यांवरचे कागद काढून टाकल्यामुळे जयराजने बागेवर बायकोचा शाम्पू फवारला. बाग चमकते आहे.

सगळ्यात वाईट वाटलं ते बनुबाईंचं. त्यांच्या मनगटावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं आहे. त्यांनी त्यावर फडकं बांधलं आहे. म्हणाल्या, पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा झाकलं, मेल्यावर बी झाकलं न्हवतं. मी म्हटलं, तुम्हाला वाचता येत नाही, तुम्ही झाकून काय उपयोग. तर म्हणाल्या, तुमाला येतंय न्हवं.

जयराजच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचीही अक्षरं चुन्याने पुसली. चेहरा मात्र राहिला आहे. चेहऱ्याला नेम लागू नाही म्हणे.

११ ऑक्टोबर, शनिवार

प्रांजल मॅडम मला समजवायला रोज संध्याकाळी येतात, पण मला समजवायच्या आधी स्वयंपाकघरात संयोगिताशी तासभर बोलत बसतात. आज पाण्याच्या टाकीचा विषय होता. एका टाकीला दोन नळ आहेत, एक सहा तासांत भरतो, दुसरा नऊ तासांत रिकामी करतो. दोघी फार चिंतेत होत्या. मी बाहेरून सांगितलं की आपल्या टाकीला एकच नळ आहे आणि तो गळतो. आत हसल्याचा आवाज आला. बायकांना पाण्याचा विषय निघाला की भान राहत नाही.

जाताना मॅडम मला म्हणाल्या, आबा, तेवढं गाठीचं बघा. बस, एवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

देवळाच्या कमिटीने वाईच्या एका शास्त्रीबुवांना फोन लावला. फोनलाच तोंडी सांगून लावला, आकडे दाबले नाहीत. शास्त्रीबुवा म्हणाले, असा नेम शास्त्रात कुठेही नाही, कात्री घ्या आणि कापडाची गाठ कापा. सगळ्यांना राग आला. जयराज त्यांना म्हणाला, शास्त्रात नसंल, गावात हाय. मग फोन ठेवला. या एका गोष्टीत मला जयराज पटला.

हल्ली संयोगिता माझ्याशी फार बोलते. पूर्वी भाकरी वाढून आत जायची. आता दुपारी पाटावर बसून विचारते, आबा, तुमी कुठं कुठं हुतासा? मग मी सांगतो. ती मध्येच नद्या विचारते, राज्यं विचारते, कुठल्या राज्याची हद्द कुणाला लागते ते विचारते. पंचायतीचं विचारते. मला एवढं कधी कुणी विचारलं नव्हतं. ऋषिराजच्या आईला नद्यांची आवड नव्हती. बोलता बोलता चार वाजतात.

रोज सकाळी ती एक प्रश्न न चुकता विचारते. आबा, आज किती तारीख? मी सांगतो. गावात तारीख सांगणारा मी एकटाच उरलो आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एक रेल्वे अपघात झालेला दिसतो. दोन गाड्या समोरासमोर येत होत्या, एक दोनशे मीटर लांब. बनुबाईंच्या ओट्यावर बायका आणि मॅडम तेच बोलत होत्या आणि संयोगिता गहू निवडत ऐकत होती. गाड्या एकमेकींना ओलांडायला किती वेळ लागला, एवढंच सगळ्या विचारत होत्या. किती माणसं गेली हे कुणीच विचारलं नाही. शेवटी संयोगिता म्हणाली, अठरा सेकंद. बनुबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. माणुसकी कमी होत चालली आहे.

१९ ऑक्टोबर, रविवार

ऋषिराजचा फोन आला. कुणीतरी त्याला सांगितलं. म्हणाला, आबा, तिचे कागद त्यात आहेत का? मी म्हणालो, कागद आईपाशी आहेत, त्यापेक्षा सुरक्षित जागा कुठली. तो मग म्हणाला, आबा, मी लांब आहे, तुम्ही तिच्यासोबत आहात म्हणून मी निश्चिंत आहे.

हे वाक्य त्याने का म्हटलं कळत नाही. दिवसभर डोक्यात राहिलं. संध्याकाळी संयोगिताने करंज्या तळल्या. सारण तिने विचारून विचारून केलं, ऋषिराजची आई कसं करायची ते. मला काही सांगता आलं नाही, मी नुसता खायचो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. घर शांत आहे. संयोगिता भाऊबीजेला माहेरी, माधवनगरला गेली. उद्या येणार आहे.

आज मी एकटा जेवलो. डब्यात भाकरी होती, आमटी होती, सगळं होतं. तरी ताट घेऊन मी दारात जाऊन बसलो, कारण आत बसवेना.

खरं लिहितो. ही वही माझी आहे आणि कुणी वाचणार नाही. नारळाचं निमित्त आहे. नारळाचा राग आला होता, पण तो वडीबरोबर गेला. गाठ सोडली की फाईल मोकळी होते. फाईल मोकळी झाली की ती परीक्षेला जाते. तिच्या डोक्यात काय आहे ते मी महिनाभर ऐकतो आहे, ती पास होईल. मग तिला जतला टाकतील नाहीतर आटपाडीला, नाहीतर कुठेतरी लांब. मग सकाळी स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज होणार नाही. दोन वर्षांपूर्वी ऋषिराजची आई गेली तेव्हा संयोगिताने चूल हातात घेईपर्यंत तो आवाज पंधरा दिवस बंद होता. ते पंधरा दिवस मला परत नको आहेत. मला भीती वाटते. फौजेत कधी वाटली नाही तेवढी वाटते.

आशीर्वादासाठी फाईल मागितली असं मी पहिल्या दिवशी लिहिलं आहे. ते खोटं होतं. लिहिताना मला ते खरं वाटलं होतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

संयोगिता आली. येताच विचारलं, आबा, आज किती तारीख? सांगितली. कालचं पान फाडायचा विचार केला. पण नोंदवहीतलं पान फाडणं हा गुन्हा आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

जयराज कमिटीला घेऊन स्वतः घरी आला. सगळ्यांदेखत नवा नारळ दोन्ही हातांनी पुढे केला आणि पाया पडला. माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी लहान आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, उठताना सिद्धूला धरावं लागलं. म्हणाला, सुभेदार, चुकलो. हाव सुटली मला. आता पोरीचं नुकसान करू नका.

माझ्याकडे आता काही कारण उरलं नव्हतं. मी नारळ उलटसुलट करून पाहिला. मग म्हणालो, याची शेंडी तोकडी आहे.

संयोगिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज सकाळी तिने तारीख विचारली नाही.

दिवसभर वाट पाहिली की ती फाईल मागेल. मागितली असती तर मी दिली असती, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. संध्याकाळी तिने साडीला इस्त्री केली, पेन कागदावर ओढून पाहिलं. म्हणजे कागदावर नाही, दोन्ही बाजूंनी कोरी असलेली पत्रावळ होती, तिच्यावर. नुसती रेघ, अक्षर नाही. नेम मोडला नाही.

मी विचारलं, सकाळी किती वाजता? ती म्हणाली, साच्या एसटीनं जाती.

२ नोव्हेंबर, रविवार. कुपवाड, परीक्षा केंद्राच्या बाहेर

हे सुट्या कागदांवर लिहितो आहे. वही जवळ नाही. ती का नाही ते पुढे येईल.

सकाळी सहाला ती पाया पडून निघाली. मी म्हणालो, फाईल? ती म्हणाली, फाईल देवीपाशी हाय की, आबा. एवढंच बोलून गेली. एसटी हलली. चादर ओढलेली एसटी वळणावरून जाईपर्यंत मी उभा राहिलो. मग घरात आलो. तिने दोन्ही वेळच्या भाकरी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. आमटीवर झाकण होतं. घासलेली भांडी पालथी घातली होती. सगळं जागेवर होतं आणि आवाज कसलाच नव्हता. तेव्हा मला कळलं की मी जे टाळायला बसलो होतो ते माझ्या समोरच आहे, आणि ते मी माझ्या हाताने आणलं आहे.

बंडी घातली, वही बंडीच्या खिशात होतीच, आणि देवळात गेलो. सिद्धू झाडत होता. वही खिशात टोचत होती म्हणून कट्ट्यावर ठेवली आणि गाठीला हात घातला. सुटेना. तंबूची गाठ, त्यात महिनाभराची हळद, कुंकू, तेल. नखं गेली. शेवटी दाताने सोडवली. सिद्धू म्हणाला, हाताचा नेम हाय. मी म्हणालो, दात माझे आहेत. म्हणजे कवळी आहे, पण ती माझीच आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. निळी फाईल घेतली, त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला आणि चिखल फासलेल्या मोटारसायकलवर तालुक्याला निघालो. चौकात तोच पोलीस होता. त्याने नुसता हात केला, जा म्हणून.

संयोगिता स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मी फाईल पुढे केली. मला धाप लागली होती. तिने फाईल घेतली नाही, माझ्या हातातच नाडी सोडून दाखवली. आत कोरे कागद होते, दहा-बारा. बाकी काही नाही. हॉल तिकीट आणि आधार कार्ड तिच्या पर्समधून तिने काढून दाखवलं.

मी विचारलं, मोकळी दिलीस?

"व्हय. तुमाला न्हाई म्हणता येईना, आन परीक्षा सोडता येईना."

मी म्हणालो, मग महिनाभर गप्प का राहिलीस. सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी गाठ सोडली असती.

"म्हणून तर सांगितलं न्हाई," ती म्हणाली. "मोकळ्या फायलीसाठी तुमी गाठ सोडली असतीसा, त्यात काय हाय? मला बघायचं हुतं, भरलेली समजून सोडतासा का."

मी स्टँडवरच्या बाकावर बसलो. तिने पाण्याची बाटली दिली. मग सगळं सांगितलं. पुस्तकं ट्रंकेत होती, पण गावाने नेम धरला म्हणून तिनेही उघडली नाहीत. महिनाभर तोंडी अभ्यास केला. टाकीला दोन नळ होते ते गणित होतं. रेल्वेचा अपघात झालाच नव्हता. नद्या आणि राज्यं तिने माझ्याकडून घेतली. बनुबाईंनी ओट्यावर बसून महिनाभर तिच्याकडून पाढे म्हणून घेतले, स्वतःला एकही येत नसताना. ती रोज मलाच तारीख का विचारायची, ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. अख्ख्या गावात रोजची तारीख बिनचूक कोण सांगणार, जो रोज लिहितो तोच. तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

सांगलीची गाडी लागली. ती चढली, वळली आणि म्हणाली, "चला की. आत जाताना मोबाईल धरायला कुणीतर लागतंय."

मोटारसायकल स्टँडवर लावली आणि मी गाडीत बसलो. तिकीट कंडक्टरने हातात दिलं तेव्हा महिन्याने मी पहिल्यांदा छापलेलं अक्षर वाचलं. सांगली, दोन पूर्ण.

आता अकरा वाजून गेले आहेत. केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली आम्ही पंधरा-वीस जण बसलो आहोत. बरेचसे बाप आहेत, दोन नवरे आहेत, सासरा मी एकटाच. शेजारच्याने विचारलं, कोण आलंय आत? मी म्हणालो, आमच्या घरचं माणूस.

साडेअकराला सिद्धूचा फोन आला. मागून भोंग्याची खरखर येत होती. म्हणाला, "सुभेदार, अक्षरं मोकळी केलीसा, लय उपकार झालं. सगळी आपापलं घेऊन गेली. कट्ट्यावर एक वही घावली, पुठ्ठ्यावर मालकाचं नाव न्हवतं. महिनाभर गावानं कायच वाचलं न्हवतं, म्हणून वाचाय घेतली. माईकवर."

मी विचारलं, कुठपर्यंत आलात?

"अकरा तारखेला. टाकी. मॅडम हसून हसून खाली बसल्या. जयराजभाऊ खुर्ची घेऊन पुढंच बसल्यात, शाम्पूचं पान दोनदा वाचाय लावलं."

बंद कर म्हणणार होतो. म्हटलंही. तर तो म्हणाला, आता बंद करता येत न्हाई, बनुबाईंनी मनगटाचं फडकं सोडलंय आन म्हणत्यात, म्होरं वाच. मग मी फोन ठेवला. वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहून ठेवलं होतं, पुढेमागे कुणी वाचली तर त्याला कळावं म्हणून.

सिद्धू हळू वाचतो. जोडाक्षराला थांबतो, शिवाय चष्मा महिनाभर तेलात होता. अकरा तारखेपासून चोवीस तारखेपर्यंत त्याला दुपारचे चार तरी वाजतील. चोवीस तारखेच्या पानावर काय आहे ते मला पाठ आहे. ते गावाने ऐकलं तरी चालेल. जयराजनेही ऐकावं. पण संयोगिताने ते भोंग्यावरून ऐकता कामा नये. तिच्या फाईलला मी आशीर्वाद का मागितला, आणि सकाळच्या भांड्यांच्या आवाजाचं काय, हे तिला आधी माझ्याकडून कळलं पाहिजे. आणि हेही, की जत असो, आटपाडी असो, मी जाऊन बघून येईन आणि खोलीला पाण्याची टाकी आहे का ते विचारेन.

परतीची गाडी दोनची आहे. घरी पोचायला चार होतात. एवढा वेळ पुरेल.

आत घंटा झाली. फाटक उघडलं. पहिल्या घोळक्यात ती आहे, निळ्या साडीत, मला शोधते आहे. कोरे कागद अजून उरले आहेत, पण ते घडी घालून ठेवतो. पुढचं तोंडी.